मनाचे दुखणे वेळीच ओळखा, लाखमोलाचा जीव वाचवा

कपाशीचे पान कोकडले किंवा तुरीचे झाड उभ्या उभ्या वाळू लागले, की आपण लगेच थांबतो. पान उलटून पाहतो, मुळे उपटून पाहतो, शेजाऱ्याला दाखवतो. बैलाने एक दिवस वैरण सोडली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जातो. पण घरातला कर्ता माणूस पंधरा दिवस धड जेवत नाही, रात्र रात्र जागा असतो, कोणाशी बोलत नाही, तेव्हा मात्र "टेन्शन आहे, होईल कमी" असे म्हणून आपण गप्प बसतो. मनाचे दुखणे हे शरीराच्या दुखण्यासारखेच दुखणे आहे. ते ओळखता येते, त्यावर उपचार आहेत आणि वेळीच उपचार केल्यास माणूस पूर्ववत कामाला लागतो. याची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबाला असावी, या हेतूने हा लेख दिला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी ११,२९० व्यक्ती शेती क्षेत्रातील होत्या. त्यात ५,२०७ शेतकरी, तर ६,०८३ शेतमजूर होते. म्हणजे ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याचे दुःख शेतकऱ्यापेक्षा कमी नाही. या ११,२९० पैकी ४,२४८ नोंदी एकट्या महाराष्ट्रातील आहेत. त्याच वर्षी देशात २५ हजारांहून अधिक गृहिणींनीही जीव गमावला, पण त्यांची चर्चा फारशी होत नाही.

कर्ज व नापिकी ही मोठी कारणे आहेतच. परंतु बहुधा एकच कारण नसते. नापिकी, बँकेचा तगादा, मुलीचे लग्न, घरातील आजारपण, भाऊबंदकी, दारू आणि त्याच्या जोडीला उपचार न झालेले नैराश्य, अशी गाठीवर गाठ बसत जाते. सर्व गाठी एकदम सुटत नाहीत. पण एखादी गाठ जरी सैल केली, तरी माणसाला श्वास घेण्यास जागा मिळते. म्हणूनच मनाचा उपचार आणि व्यवहारातील अडचणीवर मार्ग, ही दोन्ही कामे बरोबरीने करावी लागतात.

लक्षणे कशी ओळखावीत?

खालीलपैकी काही लक्षणे दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ दिसल्यास ते नैराश्य असू शकते.

१. सतत उदास वाटणे, पूर्वी आवडणाऱ्या कामात रस न राहणे. उदा. रोज शेतात फेरी मारणारा माणूस घराबाहेर पडेनासा होणे.
२. झोप न लागणे, पहाटे लवकर जाग येऊन विचार सुरू होणे किंवा दिवसभर झोपून राहणे.
३. भूक मंदावणे, वजन घटणे, थोड्या कामाने थकवा येणे.
४. चिडचिड वाढणे, दारूचे प्रमाण वाढणे, लोकांना टाळणे.
५. "मी कुचकामी आहे, माझ्यामुळे घर बुडाले" असे वारंवार बोलणे.

यापुढील लक्षणे अधिक गंभीर समजावीत: "आता जगून काय उपयोग", "मी नसलो तर सगळे सुटतील" असे उद्गार, अचानक हिशेब मिटवणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, मुलांची जबाबदारी कोणावर तरी सोपवणे, पूर्वी कधी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न झालेला असणे. खूप दिवस अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत झाला, तर "बरे झाले" असे समजून गाफील राहू नये. "बोलणारा तसे करीत नाही" हा समज चुकीचा आहे. अनेकांनी आधी कोणाला तरी सूचक बोलून दाखविलेले असते.

प्रत्येकाचे दुःख सारखे दिसत नाही

पुरुष बहुधा रडत नाहीत. त्यांचे दुःख राग, दारू व अबोला या वाटेने बाहेर येते. स्त्रिया मनाविषयी क्वचितच बोलतात. डोके जड होणे, अंगात त्राण नसणे, छातीत धडधडणे, कंबर दुखणे अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात जातात व गोळ्या घेऊन परत येतात. तपासणीत काही निघत नसेल आणि दुखणे महिनोन्महिने चालू असेल, तर झोप व मनःस्थिती याविषयी आवर्जून विचारावे. बाळंतपणानंतर सतत रडू येत असल्यास तिला "नाटके करते" असे म्हणू नये. तोही उपचाराने बरा होणारा आजार आहे.

तरुण मुलांच्या बाबतीत परीक्षेचा निकाल, नोकरभरतीतील अपयश, लग्न न जमणे हे नाजूक प्रसंग असतात. वृद्धांना एकटेपणा व "आपण ओझे झालो" ही भावना खाते. ऊसतोड व वीटभट्टीच्या कामाला जाणारी कुटुंबे वर्षातील अनेक महिने गावाबाहेर असतात. त्यांना ना धड शेजार मिळतो, ना दवाखाना. अशा कुटुंबांची गावी परतल्यावर मुद्दाम विचारपूस करावी.

कित्येक घरांतून माणसाला प्रथम भगताकडे, देवस्थानात किंवा दर्ग्यात नेले जाते. श्रद्धेने मनाला आधार मिळत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र औषधोपचार थांबवू नये. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम राबविला गेला. तेथील मुजावरांना मानसिक आजारांची लक्षणे समजावून देण्यात आली व ते आलेल्या रुग्णांना दर्ग्याच्या आवारातच डॉक्टरांकडे पाठवू लागले. आपल्या गावातील कीर्तनकार, पुजारी, मौलवी, भंते व भगत यांनाही असे सहज करता येईल. लोक त्यांचा शब्द मानतात.

कसे बोलावे?

सरळ विचारले तर नको तो विचार माणसाच्या डोक्यात शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले यानेच मन हलके होते. शक्यतो एकांतात, बांधावर किंवा गोठ्यात, घाई नसताना विषय काढावा. "दादा, बरेच दिवस तुमचे चित्त थाऱ्यावर दिसत नाही. जगणे नको असे मनात येते का?" असे शांतपणे विचारावे. उत्तर "हो" आले तर घाबरू नये, रागावू नये. मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.

"हिंमत धर", "पोराबाळांचा तरी विचार कर", "लोकांवर यापेक्षा वाईट वेळ आली आहे" अशी वाक्ये टाळावीत. ऐकणाऱ्याला त्यातून दोषच ऐकू येतो. त्याऐवजी "हे एकट्याने ओढू नका, उद्या दवाखान्यात मी सोबत येतो" असे म्हणावे व खरोखरच सोबत जावे. अशा व्यक्तीला त्या काळात एकटे ठेवू नये. "कोणाला सांगू नको" अशी शपथ घातली तरी ती पाळू नये. घरातील एका विश्वासू माणसाला कल्पना द्यावी.

कीटकनाशके कुलूपबंद ठेवा

जीव नकोसा होण्याची तीव्र लहर बहुधा फार काळ टिकत नाही. काही वेळा ती तासाभरातही ओसरते. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर जीव वाचतो, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. श्रीलंकेत १९९५ साली अतिविषारी कीटकनाशकांवर व १९९८ साली एन्डोसल्फानवर बंदी घातली गेली. १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले व भाताच्या उत्पादनात त्यामुळे घट आढळली नाही. तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात काही गावांनी गावाबाहेर सामाईक साठवणगृह करून प्रत्येक शेतकऱ्याला कुलपाचा वेगळा कप्पा दिला आणि शेतकऱ्यांनी ती पद्धत स्वीकारली. आपल्याकडे विविध कार्यकारी सोसायटी किंवा शेतकरी गटाला हे करता येण्यासारखे आहे. घरापुरती पुढील काळजी घ्यावी.

• गरजेपुरतेच औषध विकत घ्यावे. उरलेले पुढील हंगामासाठी घरात साठवू नये.
• औषध राहत्या घरात, माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवू नये. स्वतंत्र पेटीत कुलूप लावून ठेवावे.
• घरात कोणी निराश किंवा दारूच्या आहारी गेलेले असेल, तर किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे ठेवावी. त्याहून चांगले म्हणजे औषध घरात ठेवूच नये, शेजाऱ्याच्या पेटीत ठेवावे.

कोणत्याही कारणाने विष पोटात गेल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, मिठाचे पाणी पाजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाचे लेबल सोबत घेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे. माणूस शुद्धीवर दिसला तरी थांबू नये.

उपचार कोठे व कसे?

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. आशा ताईंना विचारल्यास त्या वाट दाखवितात. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. रुग्णाच्या नातेवाइकांनीही सल्ल्यासाठी फोन करावा. जिवाला तातडीचा धोका असल्यास ११२ किंवा १०८ क्रमांक लावावा.

सौम्य नैराश्यात समुपदेशनाने बराच गुण येतो. तीव्र असल्यास गोळ्या लागतात. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडू नये. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत, सहसा किमान सहा महिने, ते चालू ठेवावे. या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत.

गावपातळीवर हे जमते का? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या प्रकल्पातून ते करून पाहिले गेले. गोव्यातील 'संगथ' संस्थेच्या या कामात गावातील आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक आणि गरजेपुरते मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली होती. आरंभी नैराश्य असलेल्या शंभरापैकी सुमारे चारच जण उपचारासाठी जात. दीड वर्षानंतर हा आकडा २७ झाला. आत्महत्येचे विचार मनात आलेल्यांचे प्रमाणही शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मोठे रुग्णालय गावात नसले तरी विचारपूस करणारी, माहितगार माणसे गावात हवीत.

पोलिसांची भीती नको

गुन्हा दाखल होईल या भीतीने काही कुटुंबे प्रकार लपवितात व त्यात मोलाचा वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आहे. त्यातील कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानले जाते. तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. उलट तिची काळजी व उपचार ही शासनाची जबाबदारी ठरते. जुन्या दंड संहितेऐवजी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ ठेवलेले नाही. रुग्णालयात नोंद होते, पण त्यामुळे उपचार थांबत नाहीत.

व्यवहाराची गाठ सोडविण्यासाठी

सर्व देणी एका कागदावर लिहून काढावीत: कोणाचे, किती, व्याज काय, मुदत कधी. डोक्यातले कर्ज कागदावरच्या कर्जापेक्षा मोठे वाटते. हे काम एकट्याने न करता घरधनीण किंवा मोठा मुलगा यांच्यासह करावे. अनेक घरांत कर्जाचा आकडा कुटुंबाला उशिरा कळतो. नापिकीच्या वर्षी पीककर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेत लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी. अवैध सावकाराने जमीन लिहून घेतली असल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. चौकशीअंती जमीन परत मिळण्याची तरतूद त्यात आहे.

ज्या घरात अशी दुर्घटना घडली आहे, तेथे चौकशांचा व टोमण्यांचा मारा करू नये. वारस नोंद, मुलांची शाळा, पुढच्या पेरणीची सोय यांत हात द्यावा. त्या घरातील विधवा भगिनी व मुले यांच्या मनालाही आधाराची गरज असते. तेराव्यानंतर लोक येणे बंद होते आणि खरे एकटेपण तेव्हाच सुरू होते. म्हणून पुढे वर्षभर अधूनमधून त्यांच्याकडे जात राहावे.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, १४४१६ हा क्रमांक घराच्या भिंतीवर, सोसायटीच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर आजच लिहून ठेवावा. औषधाच्या पेटीला कुलूप लावावे. आणि अलीकडे पारावर दिसेनासा झालेला जो कोणी तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल, त्याच्या घरी आज संध्याकाळीच जाऊन यावे. गेलेला हंगाम पुढच्या वर्षी भरून काढता येतो, गेलेला माणूस परत येत नाही.