डोंगरातली सायकल (भाग ६) : आधी फ्रेमची लांबी, मग सुटे भाग

गेल्या आठवड्यात ट्रॅव्हलचा हिशेब झाला. पुण्याच्या टेकड्या, मावळातल्या पायवाटा, नाशिककडचे मुरमाड उतार अशा ठिकाणी सायकल चालवायची आणि चढही आपल्याच पायांनी चढायचा, तर मागे १३० ते १४० आणि पुढे १४० ते १५० मिमी ट्रॅव्हल असलेली ट्रेल प्रकारची फुल सस्पेन्शन सायकल बहुतेकांना पुरते, इथवर आपण आलो होतो. आता साइज, आणि त्या फ्रेमवर बसवायचे सुटे भाग.

यात मी एकच क्रम मानतो. जे पुढे बदलता येणार नाही ते आधी ठरवायचं आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. टायर झिजतात, ब्रेक बदलता येतात, डिरेलर तर कधी ना कधी दगडावर आपटतोच. फ्रेमची लांबी मात्र सायकल विकेपर्यंत तीच राहते. तरीही खरेदीला गेलेल्या माणसाची नजर आधी डिरेलरवर जाते, कारण तिथलं नाव ओळखीचं असतं. फ्रेमचं माप वाचायला थोडं शिकावं लागतं.

जुन्या सायकलींवर १७ इंच, १९ इंच असा आकडा असायचा. तो सीट ट्यूबच्या लांबीचा. रस्त्यावरच्या सायकलीला तो शोभायचा, कारण तिची वरची नळी जमिनीला समांतर असे, माणूस जवळजवळ सगळा वेळ सीटवर असे आणि सीट एकदा लावली की हलत नसे. त्या एका लांबीवरून बाकी फ्रेमचा अंदाज यायचा. डोंगरात हे पहिल्यापासूनच जुळलं नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली रीपॅक नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, त्यांतल्या प्रत्येकाला उतारावर पेडलवर उभं राहावं लागे आणि उंच सीट मध्ये येई. त्याच मंडळींतल्या जो ब्रीझने १९८४ मध्ये जॉश अँजेलबरोबर हाइट-राइट नावाची स्प्रिंग काढली. क्विक रिलीज सैल केला की सीट चालत्या सायकलीवर खाली दाबता येई आणि पुन्हा वर उचलली जाई. आजचा ड्रॉपर पोस्ट हे त्याच गरजेचं पुढचं उत्तर. हँडलवरची कळ दाबली की सीट १५० ते २०० मिमी खाली जाते. सीट अशी वाटेतून दूर झाल्यावर सीट ट्यूबचा आकडा ती किती खाली जाईल एवढंच सांगतो. उभं राहिल्यावर सायकल आपल्याला बसते की नाही, हे रीच सांगतो.

बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून एक उभी रेषा वर न्या. तिथपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच, आणि त्याच दोन बिंदूंमधली उभी उंची म्हणजे स्टॅक. पायांखालचा आधार आणि हातांखालचा आधार यांतलं नातं या दोन आकड्यांत येतं. सीटचा इथे काही संबंध नाही, आणि हीच त्यांची ताकद आहे.

बरेच विक्रेते रीच सोडून वरच्या नळीची परिणामी लांबी, म्हणजे हेड ट्यूबच्या माथ्यापासून सीटपोस्टपर्यंतचं आडवं अंतर, सांगतात. तिच्यावर विसंबलात तर काय होतं, ते आकड्यांतच पाहू. पहिल्या सायकलीचा रीच ४३० मिमी, स्टॅक ६०० आणि सीटचा कोन ७३ अंश. दुसरीचा रीच ४७०, स्टॅक ६२० आणि कोन ७७ अंश. त्रिकोणमितीने काढलं तर दोन्हींची वरच्या नळीची लांबी ६१३ मिमीच येते. सीटवर बसलात तर दोन्ही सारख्याच वाटतील. उतारावर उभे राहिलात की दुसरी सायकल तब्बल ४० मिमी लांब. एवढ्या फरकात काही कंपन्यांच्या दोन साइज मावतात. म्हणून सायकल बसून पाहिली, बरी वाटली, घेतली, असं करू नका. पेडल आडवे ठेवून, गुडघे किंचित वाकवून, कंबरेतून पुढे झुकून उभे राहा आणि हात कुठे पडतात ते पाहा. कोपर ताठ होत असतील तर फ्रेम लांब आहे. छाती थेट हँडलवर येत असेल तर आखूड.

२०१२ च्या सुमारास स्पेनच्या मोन्ड्रेकरने लांब रीच आणि अगदी आखूड स्टेम अशी जोडी बाजारात आणली. तेव्हा ती टोकाची वाटली होती. आज सगळेच उत्पादक त्या वाटेने गेले आहेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या लार्जचा रीच आजच्या स्मॉलमध्ये सापडतो. ‘मी नेहमी मीडियम वापरतो’ या वाक्याला म्हणूनच अर्थ उरलेला नाही. ढोबळमानाने सांगायचं तर १६० ते १६८ सेंटिमीटर उंचीला ४२५ ते ४४५ मिमी, १६८ ते १७६ ला ४४५ ते ४६५ आणि त्यावर १८४ पर्यंत ४६५ ते ४९० मिमी रीच, इथून शोध सुरू करावा. धड लांब आणि पाय आखूड असतील तर पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे झुका, उलट असेल तर खालच्या.

दोन साइजच्या मध्ये सापडलेल्यांचं काय? परदेशी परीक्षणांत सहसा मोठी घ्या म्हणतात. तिथल्या खास सायकलसाठी बांधलेल्या, वेगवान उतारांवर लांब सायकल स्थिर राहते, हे खरंच आहे. आपल्या वाटा गुरांनी आणि माणसांनी पाडलेल्या आहेत. अरुंद, हळू, मध्येच कातळाची पायरी, पुढे लगेच उलटं वळण. अशा वाटेवर पुढचं चाक उचलता येणं आणि सायकल जागच्या जागी वळणं जास्त उपयोगी, म्हणून सह्याद्रीत चालवणाऱ्याने शंका असेल तर लहान साइज घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र स्टॅकही पुरेसा हवा. हँडल उंच करायला स्टेमखाली स्पेसर घातले की रीच कमी होतो. हेड ट्यूबचा कोन ६५ अंश असेल तर १० मिमीच्या एका स्पेसरमागे सुमारे ४ मिमी. तीन स्पेसर म्हणजे बारा-तेरा मिमी गेले. आणि आखूड फ्रेम लांब स्टेमने ‘दुरुस्त’ करू नका. ३५ ते ५० मिमीचा स्टेम ठेवा. ८०० मिमीचं हँडल तुमच्या खांद्यांना रुंद पडत असेल तर ते ७६० पर्यंत कापून घेता येतं.

सीट ट्यूबचा आकडा निरुपयोगी नाही, त्याचं काम बदललं आहे. १६५ सेंटिमीटरच्या एखाद्या व्यक्तीची पायाची आतली लांबी ७६ सेंटिमीटर धरू. तिला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर साधारण ६७१ मिमी येतं. सीट ट्यूब ४२० मिमीची असेल तर वर २५१ उरले. त्यातून सीट आणि तिच्या पट्ट्यांचे ४५, ड्रॉपरचं डोकं आणि कॉलर मिळून ५० वजा केले की १५६ राहतात, म्हणजे १५० मिमीचा ड्रॉपर बसला. तीच ट्यूब ४६० ची असती तर १०० मिमीच्या ड्रॉपरवर भागवावं लागलं असतं. उतारावर हा ५० मिमीचा फरक रोज जाणवतो. शिवाय फुल सस्पेन्शन फ्रेमच्या सीट ट्यूबमध्ये मध्येच वाक किंवा पिव्हट असतो, त्यामुळे पोस्ट आत किती उतरते तेही मोजून घ्या.

बुटक्या स्वारांसाठी, आणि यात आपल्याकडच्या अनेक स्त्रिया येतात, आणखी एक तपासणी लागते. २९ इंची मागचं चाक सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर वर येतं, आणि त्याच वेळी ड्रॉपर खाली असेल तर टायर सीटला घासतो. दुकानातच शॉकमधली हवा सोडून, सीट खाली करून, मागचा भाग पूर्ण दाबून पाहा. दुकानदार कुरकुरला तरी पाहाच. जागा पुरत नसेल तर पुढे २९ आणि मागे २७.५ इंची चाकाची सायकल शोधा. २०१९ मध्ये यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतींत अशी जोडी चालू दिल्यापासून ती सहज मिळू लागली आहे. २९ साठी बनवलेल्या फ्रेममध्ये नुसतं लहान चाक घालू नका, बॉटम ब्रॅकेट खाली जाऊन पेडल दगडांवर आपटतील.

फ्रेमबरोबर शॉकही जवळपास कायमचाच येतो, कारण त्याची लांबी आणि स्ट्रोक फ्रेमने ठरवलेले असतात. मागच्या ट्रॅव्हलला स्ट्रोकने भागा. १४० मिमी ट्रॅव्हल आणि ५५ मिमी स्ट्रोक असेल तर भागाकार २.५५ येतो. हे सरासरी लिव्हरेज. भागाकार ३ च्या आसपास असेल तर वजनदार माणसाला शॉकमध्ये खूप दाब भरावा लागतो, कधी कधी शॉकवर छापलेल्या मर्यादेपर्यंत. ५० किलोच्या स्वाराची अडचण उलटी असते. दाब कमी, त्यामुळे स्प्रिंगचा परतण्याचा जोर कमी, आणि रिबाउंडची घुंडी पूर्ण उघडूनही शॉक सावकाश परततो. अशा वेळी आतले व्हॉल्व बदलून घ्यावे लागतात, आणि ते काम नीट करणारे हात आपल्याकडे मोजके आहेत. हलक्या स्वारांनी खरेदीआधीच हे विचारून घ्यावं. सॅग, म्हणजे स्वार नुसता बसल्यावर शॉक जितका दबतो ते माप, कसा लावायचा ते पुढच्या भागात सविस्तर येईल. तूर्त एवढंच, की ५५ च्या स्ट्रोकवर ३० टक्के म्हणजे साडेसोळा मिमी.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगतो. कमी किमतीत ‘डबल शॉकर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींत मागे नुसती स्प्रिंग असते, तिचं उसळणं आवरणारं तेलाचं डॅम्पिंग नसतं. ती चढावर शक्ती खाते आणि उतारावर माणसाला उधळते. तेवढ्याच पैशांत चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, येते. मुलाला डोंगराची गोडी लावायची असेल तर ती घ्या.

पुढचा फोर्क बदलता येतो, पण फ्रेमच्या मर्यादेत. १० मिमी जास्त ट्रॅव्हलचा फोर्क लावला तर हेड अँगल जवळपास अर्धा अंश सपाट होतो, रीच साधारण ५ मिमी घटतो आणि बॉटम ब्रॅकेट ३ मिमी वर जातो. एवढं खपतं. २० मिमी वाढवताना मात्र फ्रेमचा उत्पादक परवानगी देतो का ते वाचा. पैशांची ओढाताण असेल तर माझा कल नेहमी फोर्ककडे. नळ्यांचा व्यास ३४ ते ३६ मिमी आणि आत चांगला डॅम्पर असलेला फोर्क हातांना जो विश्वास देतो, तो महागड्या गिअरमधून कधीच मिळत नाही.

नुसती फ्रेम घेऊन सायकल बांधणार असाल तर तिची जोडमापं आधी पाहा. सुटे भाग आपल्याकडे बाहेरून येतात, कस्टम्स भरून, कधी महिन्याभराने. मागचा ॲक्सल १४८ × १२ मिमीचा बूस्ट, बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, डिरेलरचा हँगर यूडीएच या सामायिक मापाचा, एवढं असेल तर बराच त्रास वाचतो. दाबून बसवलेल्या बॉटम ब्रॅकेटमध्ये पावसाळ्यात बारीक माती शिरली की तो करकरायला लागतो. आट्यांचा एका पान्याने घरी बदलता येतो.

टायरच्या बाबतीत आपला दगड निर्णय करतो. दख्खनचा बेसॉल्ट फुटला की धारदार कडा सोडतो, आणि त्या कडा टायरची बाजू कापतात. त्यात बाभळीचे काटे. म्हणून ट्यूबलेस घ्याच, मागे जाड बाजूंचा टायर लावा, वजन थोडं वाढलं तरी चालेल. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, ते आठवणीने तपासत राहा.

रीपॅक हे नाव ब्रेकवरूनच पडलं. जुन्या पायब्रेकच्या हबमधलं ग्रीस त्या उतारावर तापून जळून जाई आणि शर्यतीनंतर हब नव्याने भरावा लागे. आज उष्णतेला उत्तर मोठ्या रोटरचं आहे. पुढे २०० किंवा २०३, मागे १८० मिमी, आणि जमल्यास चार पिस्टनचे कॅलिपर. पावसाळ्यात चिखलात चालवणार असाल तर सिंटर्ड पॅड टिकतात, रेझिनचे पटकन झिजतात. पण स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर त्यावर सिंटर्ड लावू नका, रोटर खराब होईल. ही अक्षरं बारीक असतात.

गिअर शेवटी. शिमानोचा १२ गिअरचा डिओर २०२० मध्ये आला, त्याचा कॅसेट १० ते ५१ दातांचा. सर्वात महागड्या एक्सटीआरच्या कॅसेटची मजलही तेवढीच. चढावर लागणारा हलका गिअर दोन्हींत सारखाच मिळतो. पुढची चकती ३० दातांची ठेवा, फार तर ३२. ती बदलण्याआधी फ्रेमची शिफारस पाहा, कारण चेनचा ताण मागच्या सस्पेन्शनवर कसा पडेल ते ठरवताना डिझाइन करणाऱ्याने चकतीचं ठरावीक माप धरलेलं असतं. क्रँक १७० किंवा १६५ मिमीचे घ्या. सॅगमध्ये बॉटम ब्रॅकेट आधीच खाली बसलेला असतो, आणि कातळाच्या पायऱ्यांवर क्रँकचा आखूडपणा कामाला येतो. डिरेलर वाचवायला वाकून जाणारा हँगर वेगळा मिळतो. एक जादा हँगर सायकलीबरोबरच मागवा आणि पाठीवरच्या पिशवीत टाका.