गवताखालचा वाडा

इंग्लंडमधील एखाद्या कुरणात गाई चरत असतात. मधोमध जमीन थोडी उंच व चौकोनी. तिच्याभोवती उथळ खळग्याचा पट्टा. हिवाळ्यात त्यात पाणी साचते. शेतकऱ्याला ती अडचणीची जागा वाटते. पुरातत्त्वज्ञ मात्र नकाशावर नोंद करतो, 'खंदकाने वेढलेला मध्ययुगीन जमीनदारवाडा, संभाव्य'.

खंदकवेढ्याच्या अशा सुमारे ६,००० जागा इंग्लंडात माहीत आहेत. बहुतेक इ. स. १२५० ते १३५० या काळातील. खंदक म्हटले की आपल्याला अहमदनगरच्या भुईकोटासारखा किल्ला आठवतो. पण हे खंदक वेढा थोपविण्याइतके बळकट क्वचितच असत. चोर आणि श्वापदे बाहेर राहत, मासे पाळता येत, हे खरे. तरी मुख्य कारण प्रतिष्ठेचे दिसते. राजाच्या किल्ल्याला खंदक, म्हणून जमीनदाराच्या वाड्यालाही. आणि पुढे सधन शेतकऱ्यानेही तो खणला! (मोठ्यांचे अनुकरण काही आपल्याच गावची गोष्ट नव्हे.) सफोक, एसेक्स, वॉरिकशायर या भागांत हे खंदक पुष्कळ, कारण तेथील चिकणमाती पाणी धरून ठेवते.

मग 'संभाव्य' का? घरे बहुधा लाकडाची, कुडाची. ती कुजली की जमिनीवर काहीच उरत नाही. चौकोनी खळगा म्हणजे मासळीचे तळे असू शकते, नंतरच्या काळातील बागेचा पाटही असू शकतो. खंदक नक्की ठरला तरी आतले घर जमीनदाराचे की साध्या कुळंब्याचे, हे जमिनीवरून कळत नाही. त्यासाठी जुनी दप्तरे चाळावी लागतात.

पुराव्याची दुसरी वाट आकाशातून जाते. कलत्या उन्हात विमानातून पाहिले तर बारीक उंचवट्याचीही सावली पडते. कोरड्या उन्हाळ्यात बुजलेल्या खंदकावरचे पीक ओलीमुळे हिरवे व उंच राहते. गाडलेल्या भिंतीवरचे आधी पिवळे पडते. १९७६ च्या अवर्षणात अशा कितीतरी जागा प्रथमच उमटल्या. पण सर्वांत बोलका पुरावा खंदकाच्या चिखलात असतो. तेथे हवा पोचत नाही, म्हणून लाकूड, चामडे, बियासुद्धा शतकानुशतके टिकतात. पाण्याचा निचरा केला की ते सारे कुजू लागते, आणि नांगर फिरला की आकारही पुसला जातो.

हे वाचताना मला आमच्या गावची गढी आठवली. तिची पांढरी माती शेताला चांगली म्हणून लोक गाड्या भरून नेत. लहानपणी वडिलांबरोबर मीही टोपल्या भरल्या आहेत. मातीत काळी खापरे निघत, बांगडीचे तुकडे निघत. आम्ही ते वेचून बांधावर फेकून देत असू, बैलांच्या पायात जाऊ नयेत म्हणून. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा गढीचा पूर्वेकडचा एक बुरूज तेवढा शिल्लक होता. बांधावर शोधले. खापराचे तीन तुकडे सापडले. ते कोणत्या काळचे, हे सांगणारे गावात कोणी नाही. मी ते कागदात बांधून, जागा आणि तारीख लिहून, वसतिगृहावर आणले आहेत.