नाडीखालची जखम अंगावर काढू नका

२०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी ७० वर्षांच्या बाईंची केस छापली. परकराच्या घट्ट नाडीखालची जखम १८ महिने भरली नाही. तपासलं तर त्वचेचा कॅन्सर.

घरात सगळ्यांनी बघा:
▪️ स्क्वॅमस: न भरणारी, खपली धरणारी जखम; जुन्या भाजल्याच्या व्रणावरही होते.
▪️ बेसल: बहुतेक चेहऱ्यावर, चमकदार गाठ.
▪️ मेलॅनोमा: तळपायावर, नखाखाली वाढणारा काळा डाग.

बायका लाजून सांगत नाहीत, तुम्हीच विचारा. महिन्यात जखम भरली नाही तर मलम लावत बसू नका. जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवा, तुकडा तपासून घ्या. लवकर सापडला तर बहुतेक वेळा ऑपरेशनने बरा होतो.

नाडी सैल बांधा, रुंद पट्टा लावा.