सायकल घरात आली, पण पंप-पाना कुठे आहे?

मुलगी आठवीत गेली की घरात नवी सायकल येते. दुकानदार हौसेने टोपली, रंगीत घंटी, सीटला कव्हर लावून देतो. सायकलीला हार घातला जातो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. महिन्या-दोन महिन्यांनी ऐन क्लासच्या वेळी टायर जमिनीला टेकलेला दिसतो. घरात ना पंप, ना पाना. मग वडिलांना स्कूटर काढावी लागते, नाही तर क्लास बुडतो.

सायकलीचे खरे मोल ती वेळेवर चालण्यात आहे. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. त्यानंतर माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. सायकलीने मुलींना शाळा जवळ आणून दिली. मात्र चार पैशांच्या साहित्यावाचून सायकल अडगळीत पडली, तर ही सोय तिथेच संपते. म्हणून सजावटीच्या वस्तूंआधी पुढील गोष्टी घरात असायला हव्यात.

पहिला मान पंपाचा

सायकल नुसती उभी असली तरी ट्यूबमधली हवा हळूहळू कमी होते. कमी हवेवर सायकल चालवली की खड्ड्यात रिमचा मार बसून ट्यूब फाटते. घरासाठी पायाने दाबून धरायचा उभा पंप उत्तम. घेण्यापूर्वी आपल्या सायकलीचा व्हॉल्व्ह पाहावा. साध्या सायकलींना रबरी नळीचा जुना व्हॉल्व्ह असतो, गिअरच्या अनेक सायकलींना मोटारसायकलसारखा, तर काही महागड्या सायकलींना बारीक पितळी टोकाचा. पंपाचे तोंड त्याला जुळले पाहिजे. हवा किती भरायची हे टायरच्या कडेवर छापलेले असते. पेट्रोल पंपावर जोराच्या हवेने सायकलीची अरुंद ट्यूब क्षणात फुटू शकते, हे ध्यानात ठेवावे.

पंक्चरचा डबा

पॅच, सोल्युशनची ट्यूब, काचकागद आणि टायर काढण्याच्या दोन-तीन पट्ट्या एवढे साहित्य एका छोट्या डब्यात मावते. जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या रबरी नळीचा तुकडाही ठेवावा. बरेचदा पंक्चर नसतेच, ही नळी कुजलेली असते. व्हॉल्व्हच्या तोंडाला ओले बोट लावून बुडबुडा येतो का, ते आधी पाहावे.

पंक्चर काढायला चाक खोलण्याची गरज नाही. टायरची एक कड रिमबाहेर काढून ट्यूब ओढून घेता येते. हवा भरून ती बादलीतल्या पाण्यात धरली की भोक सापडते. ती जागा पुसून कोरडी करावी, काचकागदाने घासावी, सोल्युशन लावून चार-पाच मिनिटे वाळू द्यावे आणि मगच पॅच दाबावा. घाईत ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच सुटतो. टायरच्या आतून जपून बोट फिरवायला विसरू नये. बाभळीचा काटा तसाच राहिला, तर नव्या पॅचशेजारी दुसरे भोक पडते.

पाने आणि तेल

साध्या सायकलीला अनेक मापांचा एकच पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. गिअरच्या सायकलीला ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या एलन की लागतात. सीटची उंची, हँडल, ब्रेक ही कामे त्यांनीच होतात. मूल वाढत असते, त्यामुळे सीट वर घेण्याचे काम वारंवार निघते.

चेनला खोबरेल तेल लावण्याची सवय अनेक घरांत आहे. हे तेल थंडीत थिजते आणि धूळ धरून चिकट होते. सायकलीचे किंवा शिलाई मशीनचे तेल बरे. चेन आधी फडक्याने पुसावी, प्रत्येक कडीवर एक थेंब सोडावा आणि वरचे जादा तेल पुन्हा पुसून घ्यावे. रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर तेल पडले तर ब्रेक लागणार नाही!

जिवाची काळजी

संध्याकाळच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या सायकलीला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. सायकलींवरील परावर्तकांसाठी केंद्र सरकारने २०२० साली दर्जा नियंत्रण आदेश काढला. पण परावर्तक दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड पडला तरच चमकतो, त्यामुळे तो दिव्याची जागा घेऊ शकत नाही.

हेल्मेट कपाळ झाकणारे, भुवईच्या दोन बोटे वर बसणारे असावे. आत ई.एन. १०७८ हा शिक्का पाहून घ्यावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. ओढणी वापरणाऱ्या मुलींच्या सायकलीला चेन कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लावून घ्यावी.

कुलूप कसे असावे?

मागच्या चाकाच्या गोल कुलपाने चाक फिरत नाही, पण सायकल उचलून नेता येते. म्हणून जाड साखळी किंवा यू-आकाराचे कुलूप घेऊन सायकल खांबाला बांधावी. साखळी चाकाबरोबर फ्रेममधूनही गेली पाहिजे. फ्रेमवर कोरलेला नंबर बिलावर लिहून ठेवावा; चोरी झाल्यास तक्रार करताना तो उपयोगी पडतो.

स्पीडोमीटर, मोबाइलचा स्टँड, मऊ सीट कव्हर हे सारे हौसेचे. नंतर घेतले तरी चालते. आधी दर रविवारी दहा मिनिटे काढून हवा, ब्रेक, चेन आणि दिवे तपासण्याची सवय मुलांना लावावी. पंक्चर एकदा त्यांच्याच हातून काढून घ्यावे, मुलीकडून तर आवर्जून. हात काळे झाले तर साबणाने धुता येतात. वाटेत अडल्यावर मात्र शिकलेले कामच उपयोगी पडते.