सांगाड्यांच्या किनाऱ्यावर मोटारीने

मंडळी, शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल, तर गुरुजींनी तो मुलांसमोर घ्यावा आणि रत्नागिरीवर बोट ठेवावं. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १७ अंशांवर आहे. आता तितकेच अंश विषुववृत्ताच्या दक्षिणेला मोजा आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी येऊन थांबा. तिथं कुनेने नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखापासून दक्षिणेला स्वाकोपमुंड गावापर्यंत सहाएकशे किलोमीटर जो किनारा पसरला आहे, तो नामिबिया देशाचा ‘स्केलेटन कोस्ट’, म्हणजे आपल्या भाषेत सांगाड्यांचा किनारा. आपल्या डहाणूला जोडीदार शोधायचा, तर याच किनाऱ्यावरचं टेरेस बे हे ठिकाण जवळजवळ तितक्याच अक्षांशावर आहे, फक्त दक्षिणेला.

म्हणजे सूर्य तोच, अंश तेच, तोंड पश्चिमेला आणि पुढ्यात अफाट समुद्र. मग तिथंही माडपोफळी आणि भातखाचरं असायला हवीत. पण तिथं आहे वाळू, खडी, मीठ आणि धुकं. वर्षाकाठी २० मिलिमीटरदेखील पाऊस पडत नाही. आषाढातली आपल्याकडची एक चांगली सर याहून अधिक देऊन जाते.

असं का व्हावं? कारण आहे पाण्यात. आपला अरबी समुद्र ऊबदार. त्याच्यावरून येणारा वारा वाफेनं जड होतो, सह्याद्रीला अडतो, वर चढतो आणि रिता होतो. तिकडे मात्र दक्षिणेकडून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह किनाऱ्याला घासून वाहतो. शिवाय वारा वरचं पाणी आत खोल समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी तळातलं गार पाणी वर येतं. या पाण्याला टेकलेली हवाही गार पडते. गार हवा जड. ती वर उठत नाही. तिच्या डोक्यावर ऊन हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. हवा वर चढली नाही की पावसाचे ढग होत नाहीत; होतं ते नुसतं धुकं. रात्री आणि पहाटे ते समुद्रावरून जमिनीवर सरपटत येतं, आणि ऊन तापलं की विरून जातं.

या धुक्यावरच तिथली सृष्टी जगते. नामिब वाळवंटात एक काळा भुंगेरा आहे. धुकं आलं की तो वाळूच्या टेकाडावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून शेपटाकडची बाजू वर उचलतो आणि चक्क डोक्यावर उभा राहतो. पाठीवर थेंब जमतात, ते ओघळत त्याच्या तोंडाशी येतात. किनाऱ्यापासून थोडं आत वेल्विचिया ही वनस्पती आहे. तिला जन्मभरात दोनच पानं. वारा त्यांच्या चिंध्या करतो म्हणून ती पुष्कळ दिसतात इतकंच. काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. आणि जमिनीवर भुकटी तर समुद्रात सुकाळ! तळातल्या पाण्याबरोबर पोषक द्रव्यं वर येतात, त्यांवर मासे पोसतात, माशांवर सील. केप क्रॉस या टोकावर सीलांची प्रचंड वसाहत आहे. तिथला वास म्हणे गाडीच्या काचा लावल्या तरी आत येतो. याच टोकावर १४८६ च्या सुमारास दिओगो काओ या पोर्तुगीज नाविकानं दगडी क्रूस उभारला होता. वास्को द गामा कालिकतला उतरला तो त्यानंतर बारा वर्षांनी.

अशा मुलखात हल्ली हौशी माणसं स्वतःच्या गाडीनं जातात. चारही चाकांना जोर असलेली गाडी, टपावर राहुटी, मागं शिधा आणि पाण्याचे डबे, असं फिरतं बिऱ्हाडच म्हणा. हेंटीज बे हे गाव मागं पडलं की उत्तरेकडे जाणारा रस्ता मिठाचा आहे. जिप्समची माती खाऱ्या पाण्यात कालवून दाबतात, ती डांबरासारखी कडक होते. कोरडा असताना हा रस्ता मोठा गुणाचा. धुक्यानं भिजला की शेवाळलेल्या पाखाडीसारखा घसरतो. समोरचं दिसत नाही आणि चाक धरत नाही, अशी दुहेरी पंचाईत. पहाटे लवकर निघण्याची आपली रीत इथं कामाची नाही.

रस्ता सोडून वाळूत उतरायची वेळ आली तर चाकातली हवा कमी करावी लागते, साधारण निम्म्यावर. बैलगाडीची अरुंद धाव चिखलात रुतते आणि उंटाचा पसरट पाय वाळूवर तरतो, तसाच हा प्रकार. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि भार विभागला जातो. कडक रस्त्याला लागताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायरची कूस खडीनं फाटते. म्हणून पंप, दोन जादा चाकं, फावडं आणि चाकाखाली सरकवायच्या फळ्या बरोबर हव्यातच. पिण्याचं पाणी माणशी रोज चार-पाच लिटर, वर गाडीसाठी निराळं. वाटेत नदी लागेल तेव्हा भरून घेऊ, हा हिशेब तिथं चालत नाही. उगाब, हुआब, होआनिब अशा नद्या नकाशावर ठळक दिसतात, पण बाराही महिने बहुतेक कोरड्या. तरीसुद्धा त्यांच्या पात्रात तंबू ठोकायचा नाही, हा पहिला नियम. आत डोंगरात पाऊस झाला, तर डोक्यावर निरभ्र आकाश असताना लोंढा येतो. आणि लोंढा आला नाही, तरी त्या वाटेनं हत्ती येतात. क्वचित सिंहही येतात, थेट समुद्राच्या पुळणीपर्यंत.

वाचताना ही सगळी हौसेची मौज वाटेल. पण हीच वाट एकदा जीव वाचवण्यासाठी तुडवावी लागली होती, तेव्हाची हकीकत ऐका.

२९ नोव्हेंबर १९४२ ची रात्र. दुसरं महायुद्ध चालू होतं. ‘डनेडिन स्टार’ नावाची आगबोट लिव्हरपूलहून युद्धसामान घेऊन चालली होती. तिच्यावर १०६ माणसं, त्यांत बायका आणि तान्ही मुलंही. या किनाऱ्यासमोर पाण्याखाली कशावर तरी ती आदळली आणि तळ फाटला. बुडण्यापेक्षा रुतलेली बरी, या विचारानं कप्तानानं तिला किनाऱ्याकडे घातली. लहान यांत्रिक होडीनं ६३ जण वाळूवर उतरले आणि लाटांच्या माऱ्यात होडी निकामी झाली. उरलेले ४३ जण आगबोटीवर. त्यांना पुढं दुसऱ्या जहाजांनी उचललं. पण हे ६३ जण? समोर फेसाळ लाटा, मागं शेकडो किलोमीटर वैराण.

मदतीला आलेली प्रत्येक गोष्ट त्या किनाऱ्यानं धरून ठेवली. ‘सर चार्ल्स एलियट’ ही ओढनौका आली, ती परतताना खडकांवर चढली आणि तिच्यावरचे दोघे गेले. त्यांतल्या एकाची, मथायस कोरासेबची, कबर रॉकी पॉइंटजवळ आहे. विमान आलं, त्यानं अन्न टाकलं, मोटारीच्या ट्यूबांत भरून पाणी टाकलं. काही ट्यूबा आपटून फुटल्या. बायकामुलांना नेण्यासाठी वैमानिक मोठ्या धाडसानं खाली उतरला, तर विमानाचं चाक वाळूत रुतलं.

शेवटी भिस्त राहिली जमिनीवरून निघालेल्या मोटारींवर. विंडहुकहून पोलिसांचा एक काफिला निघाला. रस्ता नव्हताच. डोंगर, खडकाळ पात्रं आणि वाळूची टेकाडं यांतून गाड्या ढकलत, खणत, पुन्हा ढकलत ती माणसं जवळजवळ दोन आठवड्यांनी किनाऱ्याला पोहोचली. मधल्या काळात काही जणांना समुद्रातून उचलता आलं होतं; बाकीच्यांना या गाड्यांनी परत त्याच वाटेनं नेलं. २४ डिसेंबरला शेवटचे लोक विंडहुकला सुखरूप आले. डनेडिन स्टारवरचा एकही जीव दगावला नाही. रुतलेलं विमान पुढं खणून काढलं, १९४३ च्या जानेवारीत ते उडालंही, आणि तासाभराच्या आत समुद्रात कोसळलं. त्यातले तिघेही पोहत काठाला आले. पत्रकार जॉन मार्श यानं १९४४ साली ही हकीकत पुस्तकात लिहिली. पुस्तकाचं नाव ‘स्केलेटन कोस्ट’, आणि तेच नाव किनाऱ्याला चिकटलं. देवमाशांची हाडं आणि फुटक्या गलबतांच्या फासळ्या तिथं आधीपासून पडलेल्या होत्याच.

कुनेनेपासून उगाबपर्यंतचा पट्टा १९७१ साली राष्ट्रीय उद्यान झाला. उगाबच्या फाटकावर कवटीचं चित्र रंगवलेलं आहे. तिथं नाव नोंदवून परवाना घ्यावा लागतो, आणि नुसतं पलीकडे जायचं असेल तर दिवस मावळायच्या आत दुसऱ्या फाटकातून बाहेर पडावं लागतं. नोंद असते म्हणूनच, कोणी बाहेर आलं नाही तर शोध घेता येतो. टेरेस बेच्या पुढचा उत्तर भाग साध्या प्रवाशांना बंदच आहे.

हा कडकपणा माणसांसाठी आहे, तसाच जमिनीसाठीही आहे. आपल्या गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना? त्याचेच भाऊबंद या किनाऱ्याच्या खडीवर मैलोगणती पसरले आहेत. करडे, काळपट, काही नारिंगी. धुकं आलं की ते ओले होऊन उमलतात, ऊन झालं की पापडासारखे सुकतात. सुकलेल्या दगडफुलांवरून एकदा गाडी गेली की चुरा! वर्षाला त्यांची वाढ मिलिमीटरच्या हिशेबात. आपल्या शेतातली चाकोरी एका पावसाळ्यात बुजते. तिथं पाऊस नाही, नांगर नाही. त्यामुळे कुणी पन्नास वर्षांपूर्वी सहज गंमत म्हणून रस्ता सोडून गाडी घातली असेल, तर ती कुठून वळली आणि कुठं थांबली, हे आज फाटकापाशी उतरणाऱ्या माणसालाही दिसतं.