यादीत आपला पाडा आहे का? : जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांच्या कामाची ओळख



हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा पावसाळा तोंडावर आलेला असेल. दरवर्षी या सुमारास मंडळ्यांमधून विचारणा होते, "पाड्यांवर पूर आला, दरड कोसळली, तर आम्ही काय पाठवू?" हा प्रश्न प्रेमापोटी येतो आणि त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा. संकट आलेच, तर त्या पाड्याची खबर कोणाला लागणार आणि किती वेळात? या प्रश्नाचे उत्तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका टेबलावर असते. आपल्यापैकी फार थोड्यांना त्या टेबलाची माहिती आहे, म्हणून हा लेख.

हे पद आले कोठून?

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर आपल्या राज्यात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे करण्याच्या कामाला वेग आला. पुढे २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली आणि वर्षभरात देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ संमत झाला. या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण स्थापन केले. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. पोलीस आणि आरोग्य खात्यांचे जिल्हाप्रमुखही त्यात असतात. तालुक्यात ही जबाबदारी तहसीलदारांकडे येते.

या प्राधिकरणाचे रोजचे काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी पाहतात. पुष्कळ ठिकाणी हे पद कंत्राटी असते. एक माणूस, त्याच्यासोबत नियंत्रण कक्षातले मोजके कर्मचारी, आणि समोर शेकडो गावे.

हाताखाली फौज नसलेला अधिकारी

लोकांना वाटते, या अधिकाऱ्यांकडे बोटी, दोर आणि जवान असतील. तसे नसते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला सुदुंबरे येथे आहे. राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे आहेत. बोट एका खात्याकडे, जेसीबी दुसऱ्याकडे, रुग्णवाहिका तिसऱ्याकडे असते. अधिकाऱ्यांचे काम म्हणजे या सगळ्यांना योग्य वेळी एकाच ठिकाणी आणणे.

समजा, ओढ्याला पूर आला आहे, पलीकडच्या पाड्यावर एक बाई अडली आहे आणि रात्रीचे दहा वाजले आहेत. आशाताईंनी कसाबसा फोन लावला. आता १०८ ची रुग्णवाहिका ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबली पाहिजे. शेजारच्या गावातले पट्टीचे पोहणारे दोर घेऊन निघाले पाहिजेत. पाण्यात तुटून पडलेल्या तारेतला वीजपुरवठा महावितरणने बंद केला पाहिजे. वाटेत झाड आडवे असेल तर बांधकाम खात्याचे यंत्र हवे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर जागे हवेत. हे पाच-सहा फोन अर्ध्या तासात झाले तर आई आणि बाळ वाचतात. फोन करणाऱ्याकडे बरोबर नंबर नसतील, तर सगळी साधने असूनही उपयोग होत नाही.

म्हणूनच या अधिकाऱ्यांचे खरे काम पावसात सुरू होत नाही. ते एप्रिल-मे महिन्यात होते.

मे महिन्यातले काम

पावसाळ्यापूर्वी सर्व खात्यांची बैठक होते. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि सरपंच यांचे नंबर तपासले जातात, कारण बदल्या झालेल्या असतात. पोहणाऱ्यांची, बोटींची आणि जनरेटरची यादी होते. निवारा म्हणून कोणत्या शाळा व सभागृहे वापरायची हे ठरते. पूरप्रवण आणि दरडप्रवण गावांची यादी नवी केली जाते. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो आणि त्याचा टोल-फ्री क्रमांक १०७७ आहे.

दुर्गम भागात आणखी दोन गोष्टी कराव्या लागतात. गडचिरोलीत भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी रेशनचे धान्य पावसाआधीच पोहोचवावे लागते. ज्यांचे दिवस भरत आले आहेत अशा गरोदर मातांना आधीच आरोग्य केंद्राजवळ आणावे लागते. काही आदिवासी भागांतल्या आरोग्य केंद्रांत यासाठी 'माहेरघर' आहे. तेथे माता काही दिवस आधी येऊन राहू शकते.

इशारा निघतो, पण पोहोचतो का?

हवामान खात्याचे इशारे रंगांचे असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे त्यांच्या मोजपट्टीतली सर्वांत वरची पायरी. हा इशारा जिल्ह्याकडून तहसीलदारांकडे, तेथून तलाठ्यांकडे आणि मग पोलीस पाटलांकडे जातो. साखळी इथपर्यंत बहुधा चालते. पुढे डोंगरावर रेंज नसते. त्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरवर संदेश मोबाइलने जात नाही, तो कोणीतरी पायी न्यावा लागतो.

दुसरी अडचण कागदावरची आहे. सरकारी दप्तरातले गाव म्हणजे महसुली गाव. एका महसुली गावात आठ-दहा पाडे असू शकतात. गावठाण सपाटीवर सुरक्षित असते आणि एखादा पाडा कड्याखाली असतो. यादी गावाच्या नावाने केली, तर तो पाडा त्यात दिसतच नाही.

माळीण आणि इर्शाळवाडी

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण या आदिवासी गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. त्याची खबर बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. तो नेहमीप्रमाणे बस घेऊन आला आणि गाव जागेवर दिसले नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकर समाजाची वाडी. येथे बस येण्यासारखा रस्ताच नव्हता. बचाव पथके पावसात डोंगर चढून गेली. त्या चढणीवर एका अग्निशमन अधिकाऱ्याचाही मृत्यू झाला. जड यंत्रे वर नेता आली नाहीत, म्हणून जवानांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले.

इर्शाळवाडीत आणखी एक कठीण काम होते, ते म्हणजे माणसे मोजणे. वाडीची लोकसंख्या २२८ सांगितली गेली. पण त्या रात्री घरात नेमके कोण होते? काही मुले आश्रमशाळेत होती, काही माणसे कामासाठी बाहेर होती. मातीखाली किती आहेत हे कळण्यासाठी आधी बाहेर कोण आहे हे शोधावे लागले.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. एक मेंढरू हरवले म्हणून तो रानात गेला, हे आपण मुलांना आवडीने सांगतो. एक कमी आहे हे त्याला कळले कसे, हे मात्र आपण सांगत नाही. त्याने मोजले होते. न मोजलेले मेंढरू हरवले तर त्याला शोधायला कोणी निघत नाही.

आपण काय करू शकतो?

येथे आपल्या सेवाकार्याचा संबंध येतो. अधिकारी प्रत्येक पाड्यावर पोहोचू शकत नाहीत. आपले सेवक, बालवाडीच्या ताई आणि आरोग्य कार्यकर्ते दर आठवड्याला तेथे जातात.

पहिले काम यादीचे. पाड्याचे नाव, घरे, माणसे, एकटे वृद्ध, अपंग, गरोदर माता, आश्रमशाळेतली मुले, आणि रेंज मिळते त्या जागेजवळच्या दोघांचे फोन नंबर एका कागदावर असावेत. ही यादी योग्य वेळी करावी. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या सुमारास परततात. डिसेंबरमध्ये यादी केली तर त्यांची घरे बंदच दिसतील. यादीची एक प्रत तलाठ्यांना द्यावी, एक जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात द्यावी आणि लेखी पोच घ्यावी.

दुसरे काम खुणा ओळखण्याचे. डोंगरउतारावर जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे, भिंतींना तडे जाणे ही दरडीची पूर्वसूचना असू शकते. आमच्या वयस्कर आजोबांना अशा गोष्टी आपल्यापेक्षा आधी दिसतात. त्यांचे ऐकावे आणि त्याच दिवशी १०७७ वर कळवावे.

तिसरे काम तरुणांचे. 'आपदा मित्र' या योजनेत गावच्या स्वयंसेवकांना शोध, बचाव आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळते. देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट तिच्यात होते. पुढचे प्रशिक्षण कधी आहे, हे आपल्या जिल्ह्याच्या कक्षात विचारावे आणि युवक संघातून नावे द्यावीत.

चौथे काम विजेच्या बाबतीतले. शेतात आणि रानात असणाऱ्यांचा जीव विजेने जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देते. प्रत्येक पाड्यावर निदान एका फोनमध्ये ते असावे आणि त्या माणसाने बाकीच्यांना हाक मारावी. दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर कुटुंबाला सरकारचे चार लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तलाठ्यांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. घाईने अंत्यविधी केला तर पुढे कागद जमत नाहीत. शोकात असलेल्या घराला हे हळुवारपणे सांगणे, हीसुद्धा सेवा आहे.

पाचवे काम आपणा दानदात्यांचे. मदत पाठवण्याआधी नियंत्रण कक्षाला किंवा आमच्या केंद्राला एक फोन करावा. एकाच रस्त्यालगतच्या गावात पाच गाड्या येतात आणि आतल्या पाड्याला काहीच मिळत नाही, असे होऊ नये. वापरून जीर्ण झालेले कपडे पाठवू नयेत. ताडपत्री, टॉर्च, दोर, पाणी साठवण्याची भांडी, कोरडा शिधा या वस्तू पावसाआधी पोहोचल्या तर त्यांचा दुप्पट उपयोग होतो. ज्या मंडळीची इमारत सुरक्षित जागी आहे आणि तेथे पाणी व शौचालय आहे, तिने ती निवाऱ्याच्या यादीत नोंदवावी.

घर सोडा, असे सांगणे सोपे नाही

कायद्याने प्रशासन लोकांना धोक्याच्या जागेतून हलवू शकते. पण भर पावसात अनोळखी माणूस येऊन "चला, खाली उतरा" म्हणाला, तर पाड्यावरचे लोक लगेच निघत नाहीत. शेळ्या-कोंबड्या कोण सांभाळणार? लावणी राहिली तर वर्षभर काय खायचे? वनहक्काचा दावा पडून आहे, जागा सोडली तर तो बुडेल का? या शंका खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय आदेशाचा उपयोग नाही. ज्याने त्यांच्या मुलांना शिकवले, तापात औषध दिले, दुःखात शेजारी बसून प्रार्थना केली, त्याचे म्हणणे लोक ऐकतात. अधिकाऱ्यांकडे इशारा असतो आणि आपल्याकडे लोकांचा विश्वास असतो. या दोन्हींची गाठ पावसाआधी पडली पाहिजे.

म्हणून विनंती आहे की, या महिन्यात प्रत्येक मंडळीने आपण ज्या पाड्याला साहाय्य करतो त्याचे नाव घेऊन विचारावे: हा पाडा यादीत आहे का? नसेल, तर पाळकसाहेब आणि दोन वडील यांनी एक दिवस काढून ते नाव नोंदवून यावे.

प्रार्थनेसाठी विनंती

नियंत्रण कक्षात रात्रपाळी करणाऱ्यांसाठी आणि आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. इशारा घेऊन पायी पाड्यावर जाणाऱ्या पोलीस पाटील, कोतवाल आणि आशाताईंसाठी प्रार्थना करा. माळीण आणि इर्शाळवाडीतल्या ज्या कुटुंबांचे आप्तजन गेले, त्यांच्या सांत्वनासाठी प्रार्थना करा. आणि आपल्या सेवकांना पावसाआधी प्रत्येक घरापर्यंत पोहोचता यावे, कोणीही मोजायचे राहू नये, यासाठी प्रभूजवळ मागा.