चाके दोन, चाके चार. कराचे माप मात्र किमतीचेच!

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास वसई रोड स्टेशनबाहेर उभे राहून पाहावे. माणिकपूर, पापडी, निर्मळ, गोखिवरे अशा चहूबाजूंनी दुचाक्यांची रीघ लागलेली असते. मागे बसलेला उतरतो, डब्याची पिशवी सावरतो आणि चर्चगेट लोकलकडे धावतो. पुढचा घाईघाईने गाडी स्टँडवर लावतो आणि त्याच्या मागोमाग पळतो. गाडी दिवसभर तिथेच उन्हात उभी. नोकरदाराकडे मोटार असली, तर ती सोसायटीच्या आवारात कापड पांघरून पडून असते. ती बाहेर निघते रविवारी. कधी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, कधी तुंगारेश्वरला, नाहीतर कुणाच्या लग्नाला.

या दोन्ही वाहनांनी ‘रोड टॅक्स’ भरलेला आहे. तोही पंधरा वर्षांचा, एकरकमी, गाडी दारात येण्याआधीच. पण तो कोणत्या हिशेबाने भरला, हा प्रश्न शोरूममध्ये पेढे वाटण्याच्या गडबडीत सहसा कुणी विचारत नाही. बिलातल्या चार-पाच ओळींपैकी ती एक ओळ. तिच्याकडे आज जरा थांबून पाहू या.

कर गाडीच्या किमतीवर

मुळात ‘रोड टॅक्स’ हे आपण दिलेले नाव. कायद्यात तो मोटार वाहन कर आहे आणि आपल्या राज्यात तो १९५८च्या अधिनियमानुसार घेतला जातो. खासगी वाहनांचा कर किमतीच्या टक्केवारीने ठरतो. दुचाकीसाठी इंजिनाच्या क्षमतेनुसार पायऱ्या आहेत: ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यापुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्याहून मोठ्या गाडीला १२ टक्के. पेट्रोलच्या मोटारीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. सीएनजीच्या मोटारीला बरीच सवलत आहे. १ जुलै २०२५पासून तिचे दर एकेक टक्क्याने वाढले. तरीही दहा लाखांपर्यंतच्या सीएनजी मोटारीला आज ८ टक्केच कर बसतो.

आता हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. ९० हजारांची ११० सीसीची स्कूटर घेणारा ११ टक्क्यांनी ९,९०० रुपये भरतो. नऊ लाखांची सीएनजी मोटार घेणारा ८ टक्क्यांनी ७२,००० रुपये भरतो. रक्कम मोटारवाल्याची मोठी, यात शंका नाही. पण दर? तो स्कूटरवाल्याचाच जास्त! वालीव-सातिवलीच्या एखाद्या गाळ्यात महिना अठरा हजारांवर काम करणाऱ्याने ही स्कूटर घेतली, असे समजा. त्याचा निम्म्याहून अधिक पगार या एका ओळीत जातो.

शिडीच्या दुसऱ्या टोकाला तर आणखी गंमत आहे. कर कितीही होवो, एका मोटारीवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त घ्यायचा नाही, अशी कमाल मर्यादा आहे. ती पूर्वी २० लाखांची होती, २०२५मध्ये ३० लाखांची झाली. म्हणजे चार कोटींच्या मोटारीवर कर पडतो साडेसात टक्के. तीस लाखांहून महाग विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव २०२५च्या अर्थसंकल्पात आला होता; तो त्याच मार्च महिन्यात मागे घेण्यात आला. विजेच्या वाहनांना उत्तेजन द्यायलाच हवे. पण स्कूटरला ११ टक्के, कोट्यवधींच्या मोटारीला साडेसात आणि विजेच्या आलिशान मोटारीला शून्य, ही उतरंड पाहून सामान्य माणसाच्या मनात प्रश्न उभा राहिला, तर त्याचे काय चुकले?

रस्ता कोण झिजवतो?

कर रस्त्यासाठी आहे असे मानले, तर रस्ता कोण किती झिजवतो हे पाहायला हवे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक प्रचंड प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षे गाड्या फिरवून रस्ता कसा खचतो हे मोजले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम अभियंते आजही वापरतात: आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. गणिताच्या भाषेत, चौथ्या घाताने वाढते.

हा नियम आपल्या गाड्यांना लावू. दोन माणसांसह स्कूटरच्या एका आसावर साधारण १२० किलो भार येतो. चौघांसह छोट्या मोटारीच्या आसावर सुमारे ६०० किलो. भार पाच पट, तर झीज सव्वासहाशे पट! आणि कारखान्याचा माल घेऊन निघालेल्या ट्रकच्या एका आसावर दहा टन भार असेल, तर त्या आसाने होणारी झीज मोटारीच्या आसाच्या पाऊण लाख पटीहून अधिक भरते. स्कूटर रस्ता झिजवते, असे म्हणणेच चुकीचे. पावसाचे साचलेले पाणी आणि अवजड वाहने ही खड्ड्यांची खरी जन्मदाती.

अर्थात, झीज हे एकच माप नव्हे. रस्त्यावर वाहन जागा किती अडवते, हेही पाहावे लागेल. मोटार सुमारे सात चौरस मीटर जागा व्यापते, स्कूटर जेमतेम सव्वा-दीड. म्हणजे पाच पट. या मापाने पेट्रोलची मोटार दहा पट कर भरते तेव्हा ती आपल्या वाट्यापेक्षा जास्तच देते, असे मोटारवाला म्हणू शकेल. त्याची दुसरीही एक तक्रार रास्त आहे. त्याची गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघते, शेजाऱ्याची तशीच मोटार रोज मुंबईला जाऊन येते. कर मात्र दोघांना सारखाच. ‘मी रस्ता वापरलाच नाही, तर भरपाई कसली?’ हा त्याचा सवाल खोटा ठरवता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही २०२५च्या ऑगस्टमध्ये याच दिशेचे मत दिले. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच फिरणाऱ्या वाहनांचा तो खटला होता. मोटार वाहन कर हा भरपाईच्या स्वरूपाचा असून सार्वजनिक रस्त्यांच्या वापराशी त्याचा संबंध आहे, जी वाहने त्या काळात सार्वजनिक जागी वापरलीच गेली नाहीत त्यांच्यावर तो लावता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. तत्त्व स्पष्ट आहे: वापराल तर भराल. आपली टक्केवारीची पद्धत मात्र वापराकडे बघतच नाही. तिला फक्त किंमत दिसते.

जयकर समितीचा धडा

हा पेच नवा नाही. मोटारी वाढू लागल्या तेव्हा, १९२७ साली, देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर; पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, तेच हे. १९२८च्या अहवालात समितीने सुचवले की रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर घ्यावा. त्याप्रमाणे १९२९मध्ये गॅलनमागे दोन आणे कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. विचार साधा आणि पक्का होता. जो जास्त फिरेल त्याचे तेल जास्त जळेल, जड गाडीचे तर आणखी जळेल. ज्याची गाडी दारात उभी, त्याला भुर्दंड नाही. ना इन्स्पेक्टर, ना फॉर्म.

तो धागा आजही तुटलेला नाही. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे आपण केंद्राला रस्ते उपकर देतो, राज्याला मूल्यवर्धित कर देतो. म्हणजे वापरावरचा कर भरतोच, शिवाय किमतीवरचा करही आधीच भरलेला असतो. वसईकर मोटारवाल्याचा वापरावरचा एक भार मात्र हलका झाला. ऑक्टोबर २०२४मध्ये दहिसरसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. दुचाकीला तो नव्हताच, त्यामुळे तिच्या पदरात नवे काही पडले नाही. उलट वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू या मुंबईच्या भपकेबाज रस्त्यांवर दुचाकीला प्रवेशच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही असेल. मात्र हक्काचे रस्ते कमी आणि टक्केवारी तीच, हे गणित जुळत नाही.

पैसा जातो कुठे?

‘रोड टॅक्स भरतो, मग नवघर-माणिकपूरच्या रस्त्यांना खड्डे का?’ हा पावसाळ्यातला आपला नेहमीचा संताप. त्याचे उत्तर कडू आहे. हा कर राज्याच्या तिजोरीत जातो आणि एकदा तिथे गेला की इतर पैशांत मिसळून जातो. आपल्या दारासमोरचा रस्ता बहुधा महापालिकेचा असतो. चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून २००९मध्ये वसई-विरार महापालिका झाली, तिने गल्लीबोळांचे ओझे उचलले. पण त्या गल्लीबोळांत फिरणाऱ्या गाड्यांचा कर थेट तिच्याकडे येत नाही. २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात आणि स्थानिक संस्था कर गेले, तेव्हा राज्याने वाहन कर सरसकट दोन टक्क्यांनी वाढवला. ती वाढ महसुलाची तूट भरून काढण्यासाठी होती. तिचा रस्त्याशी संबंध नव्हता.

आणखी एक बारीकसा काटा आहे. गाडी पंधरा वर्षांची झाली की पुढील पाच वर्षांसाठी पर्यावरण कर भरावा लागतो. २०१०मध्ये तो लागू झाला, तेव्हा दुचाकीला दोन हजार आणि पेट्रोलच्या मोटारीला तीन हजार असे दर ठरले. धूर मोजा, पेट्रोल मोजा, नाहीतर किंमत मोजा. दोनास तीन हे प्रमाण कोणत्या तराजूत बसते? इथे नेमकी टक्केवारी विसरली गेली.

मग करावे काय?

किमतीवरचा कर अगदीच टाकाऊ आहे, असे नव्हे. तो वसूल करणे सोपे, बुडवणे कठीण आणि महाग गाडीवाल्याकडून मोठी रक्कम मिळते. केवळ वजनावर कर ठेवला, तर मोठी सवलत चार कोटींच्या मोटारीलाच मिळेल. म्हणून पद्धत मोडून टाकण्यापेक्षा तिची वाकलेली टोके सरळ करावीत. सव्वाशे सीसीपर्यंतच्या दुचाकीचा दर कुठल्याही मोटारीच्या दरापेक्षा कमी असावा. ती गाडी चैन नसून पोटापाण्याचे साधन आहे. कमाल मर्यादा काढून टाकावी. करातला ठरावीक हिस्सा थेट महापालिकेच्या रस्त्यांसाठी बांधून द्यावा.

आणि पंधरा वर्षांचा कर पहिल्याच दिवशी का? २०२१पासून बदलीच्या नोकरीतल्या लोकांसाठी ‘बीएच’ मालिकेचे क्रमांक मिळू लागले. त्यांना कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरता येतो. केंद्र सरकारच्या नोकरदाराला जे जमते, ते दूधवाल्याला, फुलवाल्याला, गाळ्यातल्या कामगाराला का जमू नये?

यापुढचा प्रश्न तर दारात येऊन उभाच आहे. गाड्या विजेवर चालू लागल्या की पेट्रोलवरचा कर आटत जाणार. न्यूझीलंडने एप्रिल २०२४पासून विजेच्या मोटारींना किलोमीटरमागे आकार लावला, ब्रिटननेही एप्रिल २०२५पासून त्यांची वार्षिक करमाफी संपवली. आपल्यालाही कधीतरी नवा हिशेब मांडावाच लागेल. तो मांडताना किती फिरलात, किती भार टाकलात, किती जागा अडवलीत, हे तीन प्रश्न आधी विचारले जावेत. गाडी केवढ्याला घेतली, हा प्रश्न चौथा असावा. आज तो एकटाच विचारला जातो आणि त्याचे सर्वांत महागडे उत्तर सर्वांत स्वस्त गाडीवाल्याला द्यावे लागते.